केळ्याच्या आकाराची चूक

सोमवार, ३ मार्च

हायस्कूलचं पहिलं वर्ष संपायला चार आठवडे उरलेत आणि वर्गबाईंना आज नवीन कल्पना सुचली आहे. वर्षभरात केलेल्या प्रकल्पांपैकी तीन निवडायचे आणि प्रत्येकाबद्दल लिहायचं. काय केलं ते नाही, त्यातून काय कळलं ते. महिनाअखेरीला सगळं हॉलमध्ये मांडायचं आणि पालकांना बोलवायचं. "ज्याला काहीच कळलं नसेल त्याने तसं लिहावं," बाई म्हणाल्या. माझ्या बाकावरच्या मुंगीने लगेच हात वर केला, "बाई, मग माझं लिहून झालं." मुंगी एवढीशी आहे आणि कायम कुठेतरी निघालेली असते, म्हणून मुंगी.

घरी येऊन फाईल काढली. अकरा प्रकल्प निघाले. फुग्यांची फुफ्फुसं कधीच फुटून चिकटून बसली आहेत. पाण्याच्या वापराचा तक्ता मी शेवटचे चार दिवस अंदाजे भरला होता, त्यामुळे त्यातून मला कळलं ते बाईंना सांगण्यासारखं नाही.

शेवटी तीन निवडले: बसच्या मार्गाचा नकाशा, आंधळा ठिपका आणि घरातल्या माणसाची मुलाखत. तिन्हीत बाबाच आहेत हे फाईल लावताना लक्षात आलं. आई पोस्टात खिडकीवर बसते. दिवसभर लोक तिला प्रश्न विचारतात, त्यामुळे घरी कुणी विचारलेले तिला चालत नाहीत. बाबा बस चालवतात आणि कशालाही हो म्हणतात.

आंधळ्या ठिपक्याचं पान बघून माझं डोकं पुन्हा फिरलं. लाल शाईत विज्ञानाच्या सरांचं अक्षर: "निरीक्षणात चूक. प्रयोग पुन्हा करावा." दहापैकी सहा. सप्टेंबरपासून मी हे गिळून बसले आहे. आता नाही गिळणार.

गुरुवार, ६ मार्च

आज सरांना गाठलं. आम्ही त्यांना काटकोन म्हणतो, कारण ते फळ्यासमोर तसेच उभे राहतात. रागीट नाहीत, पण त्यांना वाटतं की जगात सगळं एकदा मोजून झालेलं आहे आणि आपण फक्त ते पाठ करायचं.

प्रयोग साधा होता. प्रत्येकाच्या डोळ्यात एक जागा अशी असते की तिथे काही दिसतच नाही. उभ्या पुठ्ठ्यावर मधोमध फुली काढायची. समोर तीन जाड पुस्तकांवर हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्याने फुलीकडेच बघायचं. मी विणकामाच्या सुईच्या टोकाला लाल मणी लावून तो पुठ्ठ्यावर फिरवत होते. मणी नाहीसा झाला की समोरच्याने "गेला" म्हणायचं, परत दिसला की "आला". तिथे तिथे पेन्सिलीने खूण. खुणा जोडल्या की ठिपक्याचा आकार मिळतो.

आईचा लिंबाएवढा आला. मुंगीचा आणि माझाही तेवढाच. बाबांचा डावा डोळा घेतला तर लिंबापासून सुरू होऊन आकार वर चढला आणि फुलीच्या डोक्यावरून कमान करून नाकाच्या बाजूला उतरला. अगदी केळं. उजव्या डोळ्याचंही छोटं केळं. वर्गात सगळे इतके हसले की महिनाभर माझं नावच केळं पडलं होतं.

"आंधळा ठिपका एवढा असतो का?" काटकोन म्हणाले. "तुझ्या बाबांनी डोळा हलवला. माणूस हलवतोच, त्याला कळतही नाही."

"पण सर, तिघांनी नाही हलवला आणि बाबांनीच हलवला?"

"मग सिद्ध कर की नाही हलवला."

"केलं तर शेरा खोडाल?"

"सगळ्यांसमोर खोडीन," सर म्हणाले आणि हसले. हसू दे.

शनिवार, ८ मार्च

आज बाबांना सुट्टी होती. त्यांना म्हटलं, प्रयोग पुन्हा करायचाय. जो माणूस फुग्यांच्या फुफ्फुसांसाठी गाल दुखेपर्यंत फुगे फुगवत बसला होता, तो म्हणाला, "कशाला ते जुनं उकरतेस? सहा काय वाईट आहेत?" मग त्यांना बूट पॉलिश करायचे होते. मग पेपर वाचायचा होता, जो त्यांनी सकाळीच वाचला होता. कपाळावर अजून पट्टी आहे, परवा स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाच्या उघड्या दारावर आपटले. या वर्षातली तिसरी वेळ. आई मला ओरडली, कारण दार उघडं टाकणारी मी. पण मी गेली सात वर्षं ते उघडंच टाकते आहे.

मी दुपारभर मागे लागले तेव्हा बसले एकदाचे. आणि काय आश्चर्य, केळं गायब. मणी कुठेही नेला तरी "दिसतोय". डावीकडे "दिसतोय", वर "दिसतोय". लिंबाच्या जागीसुद्धा "दिसतोय", जे कुणालाच शक्य नाही, काटकोन सरांनाही नाही.

मला शंका आली. मी मणी मुठीत लपवला आणि सुईच्या मागच्या टोकाने पुठ्ठ्यावर नुसताच टक आवाज केला.

"दिसतोय," बाबा म्हणाले.

मी पुठ्ठा उचलून ठेवला. बाबा माझ्याशी कधी खोटं बोलत नाहीत. इंजेक्शन दुखणार का विचारलं तर "हो, दुखणार" म्हणणारा माणूस. मग एका मण्यासाठी खोटं का बोलले असतील? मुंगीला फोन केला. ती म्हणाली, "तुझ्या प्रयोगाला कंटाळले असतील, मीही कंटाळलेय." असेल बाई.

मंगळवार, ११ मार्च

आज नकाशाबद्दल लिहायला बसले. जुलैमध्ये बाईंनी सांगितलं होतं की रोजच्या वाटेचा नकाशा स्वतः न बघता, त्या वाटेवर काम करणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकून काढा. बाबांनी डोळे मिटून त्यांचा अख्खा मार्ग सांगितला. कुठला खड्डा किती खोल, कुठल्या दुकानाबाहेर टेम्पो आडवा लावतात, कुठल्या थांब्यावर कोण काठी आपटत उभं असतं. मी लिहून लिहून थकले. बाईंनी नंतर बसने फिरून नकाशा तपासला आणि नऊ दिले. तीनच गोष्टी राहिल्या होत्या, त्या त्यांनी लाल पेनने काढल्या: पुलाच्या तोंडाशी या वर्षी नवा टांगलेला सिग्नल, चौकात उंचावर लावलेली आडवी मोठी पाटी आणि बाजाराच्या मनोऱ्यावर बसवलेलं नवं घड्याळ.

"यातून मला कळलं की बाबा खाली बारीक लक्ष देतात, पण वर बघत नाहीत," असं लिहिलं. वाक्य बरं आहे. जरा गमतीदारही.

मग मुलाखत. जानेवारीत मी विचारलं होतं, आवडती फेरी कोणती. बाबा म्हणाले, "पहाटेची पहिली. रस्ता आपल्या एकट्याचा असतो." पण ती फेरी तर त्यांनी जुनी खुर्ची द्यावी तशी कुणाला तरी देऊन टाकली आणि दुपारची घेतली. का, तर म्हणाले झोप पुरत नाही. मी ते तसंच उतरवलं होतं. आज वाचताना वाटलं, हे काही खरं नाही. बाबा अजूनही साडेचारला उठतात. मला अंथरुणात चहाच्या भांड्याचा आवाज येतो. झोपायचं नाही तर फेरी सोडली कशाला?

या माणसाबद्दल मी तीन प्रकल्प केले आणि साध्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. उद्या-परवा त्यांच्या बसमध्ये बसून बघणार आहे. नकाशा दुसऱ्याच्या तोंडून काढला, आता आपल्या डोळ्यांनी तपासते.

शुक्रवार, १४ मार्च

आज बाबांच्या बसमध्ये जे झालं ते आत्ताच लिहून ठेवते.

शाळा सुटल्यावर बाबांची बस पकडली. कंडक्टरकाकांनी मला पहिल्या सीटवर बसवलं, तिथून बाबांची पाठ आणि समोरची काच दोन्ही दिसतं. बाबा छान चालवतात. एक आजी चढत होत्या, त्या बसेपर्यंत बस हलवली नाही. मी वहीत टिपत होते.

पहिल्या चार सिग्नलांना आमच्यापुढे कुठली ना कुठली गाडी होती. ती थांबली की बाबा थांबत, ती निघाली की निघत. मला वाटलं किती शांत माणूस आहे, कुणाला ओलांडायची घाई नाही. एकदा तर पुढची जागा मोकळी होती तरी त्यांनी मुद्दाम एका कारला पुढे जाऊ दिलं.

पुलाच्या तोंडाशी पुढे कुणीच नव्हतं. वर लाल दिवा होता. मला लांबून दिसत होता, एवढा मोठा. बस हळू होईना. मला वाटलं होईल आता. एक बाई बाळाची गाडी ढकलत रस्त्यात उतरली होती. कंडक्टरकाका ओरडले, "ओ, लाल आहे." बाबांनी ब्रेक मारला. बस बाईच्या अलीकडे थांबली, पण किती अलीकडे ते मला मोजता आलं नाही. मला सगळं मोजता येतं आणि तेवढं आलं नाही. त्या बाईने बाळाला उचलून छातीशी धरलं होतं आणि ती नुसती बघत उभी होती.

बाबांनी मान मागे टाकून वर बघितलं. तेव्हा त्यांना दिवा दिसला.

कंडक्टरकाका हळू आवाजात म्हणाले, "आज मी बोललो. रोज मी दाराशी उभा असेन असं नाही." म्हणजे हे आज पहिल्यांदा झालेलं नाही.

घरी येऊन वहीत एकाखाली एक लिहिलं: टांगलेला सिग्नल, आडवी पाटी, घड्याळ, कपाटाचं दार, अंधारातली फेरी. सगळं वरचं, नाहीतर अंधारातलं. मी गमतीदार वाक्य लिहिलं होतं त्याची लाज वाटते. बाबा वर बघत नाहीत असं नाही, त्यांना वरचं दिसत नाही. माझ्या पुठ्ठ्यावर ते सप्टेंबरमध्येच आलं होतं, फुलीच्या बरोबर वर, आणि मी त्यावरून केळं म्हणवून घेतलं.

आणि त्यांना माहीत आहे. म्हणून "दिसतोय".

आईला सांगू का? सांगितलं तर बाबांची बस जाईल. बावीस वर्षं ते दुसरं काही करत नाहीत आणि त्यांना दुसरं काही करायचंही नाही. नाही सांगितलं तर ती बाळाची गाडी.

शनिवार, १५ मार्च

सकाळी पुठ्ठ्याच्या फुलीच्या मधोमध सुरीने भोक पाडलं, वाटाण्याएवढं. समोरचा माणूस भोकाकडे बघणार आणि मागून मी त्याचा डोळा बघणार. डोळा हलला की मला लगेच कळणार. हे मला सप्टेंबरमध्ये सुचायला हवं होतं.

बाबांना ड्यूटीला जायला तीन तास होते. मी पुठ्ठा टेबलावर ठेवला, पुस्तकं रचली, आईला सुई दिली. आई म्हणाली, "माझ्या सुट्टीच्या दिवशी?" मी म्हटलं, "आज एकदाच, मग कधीच नाही मागणार." माझ्या तोंडाकडे बघून तिने खुर्ची ओढली.

बाबा दारात उभे होते. "झाला ना तो गेल्या शनिवारी," म्हणाले.

"तेव्हा मणी माझ्या मुठीत होता, बाबा."

बाबांनी दाराची चौकट सोडली. मग ते येऊन बसले, हनुवटी टेकवली, उजव्या डोळ्यावर तळहात धरला. मी पुठ्ठ्याच्या मागे बसले आणि भोकाला डोळा लावला.

बाबांचा डोळा एवढ्या जवळून मी कधी बघितला नव्हता. तपकिरी आहे, कडेला थोडा करडा. तो माझ्याकडे बघत होता आणि हलत नव्हता. आई मणी फिरवत होती, खुणा करत होती.

"गेला," बाबा म्हणाले. मग खूप वेळ काहीच नाही. आईचा हात फुलीच्या वरून पलीकडे गेला. "अहो, दिसतोय का?" तिने विचारलं. "नाही." अजून पलीकडे. "आता?" "नाही." डोळा तसाच. एकदाही हलला नाही. मला वाटत होतं की हलावा. देवाशप्पथ, एकदा जरी हलला असता तरी मी सरांना जाऊन सांगितलं असतं की तुमचं बरोबर, माझी चूक, सहाच ठेवा.

शेवटी त्या डोळ्यात पाणी भरलं आणि मला तो नीट दिसेना. की माझ्याच डोळ्यात होतं, माहीत नाही.

जुन्या कागदावर नवा ठेवला. केळं दोन बोटांनी जाड झालंय.

मग मी आईला पुलावरचं सांगितलं. सगळं. बाबांनी कबूल केलं की गेल्या वर्षापासून त्यांना हे जाणवतंय. आई आधी बाबांवर चिडली, मग माझ्यावर, मग सुईवर. "गेल्या वर्षापासून कळत होतं आणि तोंडाला कुलूप लावून बसलात?" ती म्हणाली. बाबा म्हणाले, "डेपोत दरवर्षी डोळे तपासतात. खालच्या ओळीपर्यंत वाचतो मी. मला वाटायचं, वाचता येतंय तोवर ठीक आहे."

मग त्यांनी स्वतःच डेपोत फोन लावला. "आज येत नाही. नाही, ताप नाही. डोळ्यांचं आहे. नाही, उद्याही नाही." फोन ठेवून ते खुर्चीत बसले. ड्यूटीचा शर्ट घातलेलाच होता. तो बदलायला त्यांना संध्याकाळ झाली.

बुधवार, १९ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एक यंत्र आहे, पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारखं. त्यात तोंड घालून मधल्या दिव्याकडे बघायचं आणि कडेला कुठे बारीक ठिणगी दिसली की बटण दाबायचं. मला तर ते यंत्र सोडवेना. मी डॉक्टरांना विचारलं, डोळा हलला तर कसं कळतं? त्या म्हणाल्या, आत कॅमेरा आहे, तो डोळ्यावर नजर ठेवतो. आई म्हणाली, "आमच्या घरी ही भोकातून ठेवते."

यंत्रातून कागद आला. राखाडी ठिपक्यांचा चौकोन आणि त्यात काळी कमान. मी माझा कागद पिशवीत नेला होता. डॉक्टरांनी दोन्ही शेजारी ठेवले आणि मला विचारलं, "हा तू काढलास? सप्टेंबरमध्ये?" मला एक क्षण इतका आनंद झाला, की मग स्वतःचाच राग आला.

काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेने खात येतो. मधली नजर शाबूत राहते, म्हणून अक्षरं वाचायच्या तपासणीत काही कळत नाही. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं थेंबांनी सांभाळता येईल, रोज, जन्मभर. बस चालवता येणार नाही. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "सायकल?" डॉक्टर म्हणाल्या, "पायी चाला."

शेवटचा एक प्रश्न मी विचारला. सहा महिन्यांपूर्वी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाल्या, "तर हा भाग वाचला असता," आणि पेनाचं टोक दोन बोटांच्या त्या पट्टीवर ठेवलं.

शुक्रवार, २८ मार्च

आज मांडणी झाली. बाबा आले होते. त्यांना डेपोत नव्या ड्रायव्हरांना मार्ग शिकवायचं काम मिळतंय. डोळे मिटून मार्ग सांगणारा दुसरा माणूस त्यांच्याकडे नाही म्हणे.

मी दोन कागद शेजारी लावले होते, सप्टेंबरचा आणि मार्चचा. कुणाचा डोळा ते लिहिलं नाही. मुंगीने तिच्या तक्त्यावर खरंच लिहिलं होतं, "मला काही कळलं नाही, पण नंतर कळेल असं वाटतं." बाईंनी तिला दहा दिले.

काटकोन सरांना मी सोमवारीच डॉक्टरांचा कागद दाखवला होता. तेव्हा ते बराच वेळ तो उलटा धरून बघत होते. आज ते सगळ्यांसमोर आले, खिशातून पेन काढलं आणि स्वतःच्या शेऱ्यावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, "निरीक्षण अचूक. तपासणाऱ्याची चूक." मग बाबांपुढे जाऊन उभे राहिले. आज काटकोन नव्हते, खांदे पडले होते. "मी पुन्हा करून बघायला हवं होतं, मी तिच्यावर ढकललं," म्हणाले. बाबांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "अहो सर, तुमच्यामुळेच तर ती हट्टाला पेटली." सरांना त्याने बरं वाटलं असावं.

परत आम्ही दोघं चालत निघालो. मी खूश होते. विचारलं, "बाबा, पण सप्टेंबरमध्ये तुम्हाला केळं बघून भीती नाही वाटली?"

"वाटली तर. मी ठरवलंच होतं, डॉक्टरकडे जायचं. रजासुद्धा सांगितली होती."

"मग?"

"मग तू ते पान घेऊन रडत आलीस. लाल शाईत लिहिलेलं, निरीक्षणात चूक. मी दोनदा वाचलं. म्हटलं, शिकलेला माणूस आहे, विज्ञान शिकवतो, तो चूक म्हणतोय तर चूकच असणार. तू रडत होतीस आणि मला इतकं हायसं वाटलं. रजा रद्द केली. त्या दिवशी किती महिन्यांनी शांत झोपलो मी." थोडं चालून म्हणाले, "हे सरांना सांगू नकोस कधी. चांगला माणूस आहे."

मी हो म्हटलं. सांगणार नाही. पण ते दोन बोटांचं जाडपण आता मला सारखं दिसतं आणि त्यात सरांची लाल शाई आहे, बाबांची झोप आहे आणि मीही आहे. मी सहा महिने धुमसत होते ते चार गुणांसाठी. माझं निरीक्षण बरोबर आहे असं मला इतकं वाटत होतं, तर ते बरोबर असेल तर बाबांचं काय, हे एकदाही मनात आलं नाही. बाईंना हवं होतं ते "काय कळलं" खरं तर हे आहे, आणि ते मी तक्त्यावर लिहिलं नाही. इथे लिहिते.

समोरून बाबांच्या मार्गाची बस आली. नवा ड्रायव्हर होता, त्याने बाबांना ओळखून हॉर्न दिला. बाबांनी हात वर केला आणि बस वळेपर्यंत तिच्याकडे बघत चालत राहिले.

"बाबा, वर फांदी आहे," मी म्हटलं. ते वाकले.